असं कुणी इथं राहत नाही

अकराला कुद्रेमनीहून यल्लूबाई धामणेकरांचा फोन.
"रेंज फुल्ल हाय की हो, तुमचा आवाज येतोय,
पण अंगठा काय लागंना.
चाळीस माणसं उभी हाइत रेशनला, उन्हात."

आवाज जातो त्याची वाट वेगळी,
अंगठा जातो त्याची वेगळी.
एवढं सांगून मी फोन ठेवला
आणि उद्यमबागेतल्या त्या गार खोलीत,
जिथं मे महिन्यातही स्वेटर लागतो,
इराण्णा हुक्केरीशेजारी खुर्ची ओढली.

मोबाईल आधी एक नाव विचारतो :
बाहेर पडायचंय, दार कुठलं?
दाराला नाव असतं, पण पॅकेटला नाव वाचता येत नाही,
त्याला आकडे लागतात, चार आकडे, मध्ये टिंबं.
म्हणून मध्ये एक सर्व्हर बसवलेला.
नाव ऐकायचं, पत्ता सांगायचा, एवढीच नोकरी.
पोस्टमनसारखी नाही, की बघून ओळखलं.
चावडीतल्या तलाठ्यासारखी :
वहीत असेल तर आहे.

टॉवर जागा होता. लिंक जिवंत.
दाराला आकड्यानं हाक मारली
तर तीन मिलिसेकंदांत ओ दिली.
नावानं मारली, तर उत्तर :
असं कुणी इथं राहत नाही.

हे वाक्य माझ्या ओळखीचं.
मी शिनोळीची, शीव ओलांडून रोज कामाला येते.
बाचीच्या वळणावर फोन मला स्वागताचा मेसेज देतो,
दहा वर्षं झाली, त्याला अजून कळलेलं नाही
की ही पाहुणी नव्हे.
माझ्या लग्नाची एक पत्रिका फिरून परत आली होती,
गाव बरोबर, तालुका बरोबर,
राज्य दोनदा खोडलेलं, दोन वेगळ्या शायांनी.

"काय बदललं?" इराण्णानं एकेकाला विचारलं.
"काहीच नाही."
असंच म्हणतात. आम्हीही म्हणतो.

मग फाइल उघडली.
काल सकाळी अकराला बंगळूरच्या कुणीतरी
दाराच्या नावातलं जुनं बेळगाव काढून
बेळगावी केलं होतं.
बोर्डांवर कधीच झालेलं, इथंच राहून गेलेलं.
"हेसरु बदल आग्यादरी," इराण्णा म्हणाला
आणि स्क्रीनकडेच बघत राहिला.
मला हसू आलं. म्हटलं,
"नावाचं नाही हो काही. शेवट बघा."

पुऱ्या नावाच्या शेवटी एक टिंब लागतं.
ते नसलं की सर्व्हरला वाटतं, नाव अर्धंच आहे,
आणि तो बिचारा सगळा मुलूख पुन्हा मागं जोडतो :
गाव, जिल्हा, राज्य,
त्याच्यापुढं परत जिल्हा, राज्य.
असं गाव कुठल्याच वहीत नसतं.

मग काल का नाही अडलं?
जुना पत्ता एक दिवस लक्षात ठेवायची
यंत्रालाही मुभा असते.
एक दिवस कुद्रेमनी, बेकिनकेरे, अतिवाड
नुसत्या आठवणीवर चालले.
आज अकराला आठवण संपली.

इराण्णानं टिंब दिलं.
अनुक्रमांक एकानं वाढवला, तो विसरला असता
तर जोडीच्या सर्व्हरला कळलंच नसतं.
मग आम्ही दोघं गप्प बसून राहिलो, चहा सांगून,
काही करण्यासारखं नव्हतं म्हणून.

सव्वाबाराला यल्लूबाई :
"लागला बघा. पयला अंगठा माझ्या सुनेचाच लावला.
पण निम्मी माणसं गेली की जेवायला,
आता त्यास्नी कोण हाक मारायचं?"

अहवालात एक रकाना असतो : ठिकाण.
इराण्णानं कीबोर्ड माझ्याकडं सरकवला.
"तुम्हीच लिहा."
मी परत त्याच्याकडं सरकवला.
चहा आला, निवला.
शेवटी मी टॉवरचा नंबर लिहिला.